एक्सलचा बूट आणि माझी सासू

आमच्या गाडीच्या एक्सलचा बूट फाटला, तेव्हा मला मनापासून आनंद झाला. गाडी आमची, ती बंद पडली तर गैरसोयही आमचीच, तरी आनंद झाला. त्या रविवारी नवरा त्याच गाडीतून सासूबाईंना कायमचं गावी सोडून येणार होता, आणि त्यांनी जाऊ नये असं मला वाटत होतं. 'जाऊ नका' असं तोंडाने म्हणायचं धैर्य मात्र माझ्यात नव्हतं. लग्नाला जेमतेम दोन वर्षं झाली होती आणि मायलेकरांच्या मध्ये सुनेने पडू नये, असं मला माहेरून बजावून पाठवलं होतं. आता गाडीच मध्ये पडली, तर त्यात माझा काय दोष?

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. नवी मुंबईला तेव्हा सगळे न्यू बॉम्बेच म्हणायचे. वाशीतल्या आमच्या इमारतीत निम्मे फ्लॅट रिकामे होते आणि संध्याकाळी खाडीवरून वारा सुटला की त्या रिकाम्या घरांच्या खिडक्या आपसात भांडत. नवरा ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसला. तो सकाळी सातला जायचा. मी दुपारपर्यंत शाळेत शिकवायची आणि मग घरी येऊन भिंतींशी बोलायची. चार महिन्यांपूर्वी सासूबाई राहायला आल्या आणि भिंतींना जरा उसंत मिळाली.

सासूबाई रोह्याकडच्या. जातीने आणि धंद्यानेही कासारीण. सासरे लवकर वारले, मग बांगड्यांची माळ खांद्यावर टाकून त्या एकट्या पंचक्रोशीत फिरल्या. कुणाच्या लग्नाचा चुडा, कुणाच्या डोहाळजेवणाच्या हिरव्या बांगड्या, असं करत त्यांनी मुलाला डिप्लोमापर्यंत शिकवलं. मुलगा शिकला आणि त्याने सोसायटीत सांगितलं, "वडिलांचा काचेचा व्यापार होता."

यात खोटं काही नव्हतं, बांगड्या काचेच्याच असतात. पण तळमजल्यावरच्या सेक्रेटरी काकांनी एकदा त्याला खिडकीच्या तावदानांचा भाव विचारला, तेव्हा हा बहाद्दर चौकशी करून भाव घेऊनही आला. मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसले होते. नंतर सासूबाईंचा चेहरा बघितला आणि हसू जिथल्या तिथे थांबलं.

त्यात दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं डोहाळजेवण आलं. सासूबाई उत्साहाने म्हणाल्या, "मी भरते तिला बांगड्या. किती वर्सांत हात नाय चालला माजा." नवरा पेपरमधून डोकं न काढता म्हणाला, "आई, इथे नको." एवढंच. आवाज चढवला नाही, काही नाही. 'जाते आता' असं सासूबाई आल्यापासून अधूनमधून म्हणायच्या, पण दोन दिवसांनी भाकरी थापता थापता ठामपणे म्हणाल्या, "मी आपली जाते गावाला." नवरा म्हणाला, "बरं. रविवारी गाडीने सोडतो."

गाडीने सोडतो! आई सोसायटीला दाखवायची लाज, पण गाडी गावाला दाखवायची हौस. मला परातीतला पिठाचा गोळा त्याच्या डोक्यात घालावासा वाटला. पण मी पडले आदर्श सून.

आणि बुधवारी गाडीने आवाज काढला.

ती नव्या प्रकारची छोटी गाडी होती, आम्ही सेकंडहँड घेतलेली. इंजिन पुढे आणि जोरही पुढच्याच चाकांना. वळणावर स्टिअरिंग फिरवलं की डाव्या चाकातून कट-कट-कट असा सुपारी कातरल्यासारखा आवाज यायचा. सेक्रेटरी काकांनी खाली वाकून, कान लावून निदान केलं, "पेट्रोलात रॉकेल आहे." नवरा त्यांचं ऐकून न ऐकल्यासारखं करून गाडीखाली शिरला आणि नाकाला काळं लावून बाहेर आला. इंजिनाचा जोर चाकापर्यंत नेणारा जो दांडा असतो, तो एक्सल. त्याच्या चाकाकडच्या सांध्यावर एक रबरी पिशवी चढवलेली असते, आकाशकंदिलाच्या कागदासारखी घड्याघड्यांची. आत ग्रीस असतं. त्या पिशवीला बूट म्हणतात. आमचा बूट चिरला होता आणि ग्रीस सगळं चाकाच्या आतल्या बाजूला उडालं होतं.

"गॅरेजला द्या ना," मी अगदी साळसूदपणे म्हटलं. गॅरेजवाले आठवडा लावतात हे मला माहीत होतं.

"गॅरेजवाले चांगले पार्ट काढून घेतात आणि डुप्लिकेट घालतात," नवरा म्हणाला. हे त्या काळी प्रत्येक गाडीवाल्याचं ठाम मत होतं, आणि चांगले पार्ट काढलेली गाडी कुणी पाहिली होती म्हणाल तर कुणीच नाही. "मी घरीच करतो. शनिवारी खोलतो, संध्याकाळपर्यंत लावतो, रविवारी सकाळी निघू."

गुरुवारी तो अर्धी रजा टाकून कळंबोलीला गेला, कारण सेक्रेटरी काका म्हणाले की ट्रकवाल्यांकडे सगळं मिळतं. तिथल्या दुकानदाराने जुना बूट दोन बोटांवर फिरवून बघितला आणि म्हणाला, "साहेब, टेन्शन घेऊ नका, पण एवढा बारका तर आमच्या क्लीनरला पन लागत नाय." शुक्रवारी नवरा ग्रँट रोडला गेला आणि एक नवा बूट घेऊन आला. ओरिजिनल आहे का, असं मी विचारलं. "ओरिजिनलसारखाच आहे," तो म्हणाला. म्हणजे डुप्लिकेट. गॅरेजवाल्याने घातला असता तोच.

शनिवारी सकाळी इमारतीच्या मागच्या सावलीत आमचा कारखाना थाटला. माझ्या रुखवतातलं स्टीलचं मोठं ताट सुट्या पार्टांसाठी, दुधाचं जुनं पातेलं गिअरबॉक्सचं तेल धरायला, आणि कुठला भाग कुठे बसतो त्या खुणा करायला माझं लाल नेलपॉलिश. गाडी जॅकवर चढवली आणि खाली समोरच्या अर्धवट इमारतीतून मागून आणलेले दोन लाकडी ओंडके लावले. चाकाचा मधला मोठा नट काही केल्या हलेना, तेव्हा पान्याला पाइप अडकवून आम्ही दोघं त्यावर उभे राहिलो. नट सुटला तेव्हा मी सेक्रेटरी काकांच्या अंगावर पडले. काका म्हणाले, "काही हरकत नाही," आणि काकू खिडकीत आल्या.

मी हेल्पर होते. "बारा नंबर," म्हटलं की पाना द्यायचा. नवरा मात्र खरंच छान काम करत होता, ते कबूल केलं पाहिजे. एक्सल बाहेर निघाला. त्याच्या आतल्या टोकाला अंगठीएवढी एक पोलादी रिंग होती, एका जागी तोंड उघडं असलेली. त्याने ती पकडीने फाकवून काढली आणि ताटात ठेवताना म्हणाला, "हिला सांभाळ. हे लॉक आहे. हे हरवलं तर गाडी इथेच उभी. ग्रँट रोडला आज अर्धा दिवस आणि उद्या सगळं बंद असतं."

शाळेत मी मुलांना नेहमी सांगायची, मोह झाला की दहापर्यंत मोजा. मी तीनपर्यंत मोजलं. तो गाडीखाली वळला, तशी मी रिंग उचलली, पदराच्या टोकात गुंडाळली आणि म्हणाले, "पाणी आणते हं." वर जाऊन सुईदोऱ्याच्या डब्यात बटणांच्या खाली ती दडवली. हात साबणाने धुतले, तांब्या भरला आणि खाली आले. आणि सांगू का, पाप केल्याचं दुःख औषधालासुद्धा नव्हतं.

अर्ध्या तासाने शोध सुरू झाला. नवऱ्याने ताट तीनदा उलथंपालथं केलं. सेक्रेटरी काका हातात चुंबक घेऊन जमिनीवर रांगले. त्यांना दोन खिळे आणि कुणाचा तरी केसांचा आकडा सापडला. "कावळ्याने नेली असणार," ते म्हणाले. "चकाकणारी वस्तू त्याला आवडते." मी सगळ्यांत मन लावून शोधत होते. गटाराच्या जाळीतसुद्धा काडी घालून बघितलं. इतकं की नवरा कौतुकाने म्हणाला, "जाऊ दे गं, दमशील." त्याचा चेहरा उतरला होता. पण मी मनाशी म्हटलं, उतरू दे.

इतक्यात सासूबाई जिना उतरून आल्या. त्या वर उद्याच्या प्रवासासाठी ब्लाऊजचा हूक लावत बसल्या होत्या. हूक लावायला सुई लागते, आणि सुई सुईदोऱ्याच्या डब्यात असते. एवढी साधी गोष्ट माझ्या शिकलेल्या डोक्यात आली नव्हती. त्यांची एक मूठ बंद होती. त्या ताटाशी वाकल्या, पार्ट चाचपल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "ही काय रे? इथंच तर हाय."

नवऱ्याने आईला जवळजवळ मिठी मारली. काका म्हणाले, कावळ्याने परत टाकली असणार. सासूबाईंनी फक्त माझ्याकडे बघितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हसल्याही नाहीत. जिन्याच्या खालच्या पायरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "जेवन निवतंय. आटपा." मला रडू येईल असं वाटलं. आपण एवढा उपद्व्याप केला, आणि यांना जायचीच घाई आहे.

पण बूट काही आटपू देईना. दांड्यावरून तो सरकत आला. आता त्याचं मोठं तोंड सांध्याच्या वाटीवर चढवून खाचेत बसवायचं, आणि वर पट्टी आवळायची. ओरिजिनलसारखा असल्यामुळे तो ओरिजिनलपेक्षा जरा तंग होता. नवरा एका बाजूने अंगठे रोवून बसवायचा की समोरच्या बाजूने तो फटकन निसटायचा. मग काकांनी ती बाजू धरली, तर वरून निसटला. दोघांचे हात कोपरापर्यंत ग्रीसने माखले. काका म्हणाले, "हातोडी मारा." नवऱ्याने घाम पुसला, कपाळावर काळा पट्टा उमटला आणि त्याने स्क्रूड्रायव्हर उचलून त्याचं पातं रबराच्या काठाखाली घातलं.

"थांब!" सासूबाई पायरीवरून ओरडल्या. "वाढवशील तो!"

काकांना काही कळलं नाही. कासाराच्या घरात बांगडी फुटली असं कधी म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. मला कळलं. नवऱ्यालाही कळलं. तो एकदम खाली बघायला लागला.

सासूबाई उठल्या. पदर कमरेला खोचला, काकांना हाताने बाजूला सारलं आणि गाडीजवळच्या पाटावर मांडी घातली. "ऊन पानी आन गो. साबन आन. आनि सुकं फडकं," मला फर्मावलं. मी आणलं. त्यांनी आधी वाटीवरचं आणि रबराच्या काठावरचं सगळं ग्रीस पुसून काढलं. "तेलकट हातावरून बांगडी सरकती, बसत नाय," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग बुटाचं तोंड ऊन पाण्यात धरलं आणि बोटांनी सगळीकडून मळलं. साबणाचं एक बोट आतून फिरवलं. वाटी डाव्या हातात अशी धरली, जसा एखादीचा पंजा धरतात, खालून आधार देऊन, अंगठा वर ठेवून.

आणि मग त्यांच्याही नकळत त्या सांध्याशी बोलायला लागल्या. बांगड्या भरताना गिऱ्हाइकाला बोलतं ठेवायचं असतं. बाई गप्पांत रमली की हात सैल सोडते. बत्तीस वर्षांची सवय ती. "कुटली गो तू? म्हायेर कुटलं? एवडी का आखडून बसलीस, हां? सोड, सोड हात..."

सेक्रेटरी काकांचं तोंड उघडं राहिलं. मी हसू दाबत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. नवरा गुडघ्यांवर बसून आईच्या हातांकडे बघत होता. सासूबाईंनी रबर सरळ ढकललं नाही. एक काठ तिरका धरून खाचेत टेकवला, त्यावर अंगठा ठेवला आणि उरलेला काठ दुसऱ्या हाताच्या बोटांनी हळूहळू फिरवत फिरवत पुढे नेला. घाई नाही, जोर नाही. शेवटची दोन बोटं जागा राहिली तिथे त्यांनी क्षणभर थांबून बुटाचं पोट जरा दाबलं, आतली हवा सुस्स करून बाहेर गेली, आणि काठ खाचेत बसला. दोन माणसांचा तासभर चाललेला झगडा त्यांनी पाणी निवायच्या आत मिटवला.

एव्हाना बघ्यांची गर्दी झाली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी पोट सांभाळत खाली आल्या होत्या. तळवलीहून रोज येणारी म्हावरेवालीही मासळीची टोपली उतरवून उभी होती. तिने कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या घातलेले हात कमरेवर ठेवले आणि मोठ्याने म्हणाली, "गो आये, तू कासारीन हायेस का गो? हात तसाच फिरतंय तुजा!"

वहिनींनी सासूबाईंकडे बघितलं. काकांनी नवऱ्याकडे बघितलं. सासूबाईंनी चटकन हात पदरात घेतले आणि म्हणाल्या, "नाय गो बाय. असंच आपलं. घरात बघून बघून शिकले."

मी नवऱ्याकडे बघितलं. मला वाटलं, हा आता पुन्हा गाडीखाली शिरणार. आणि शिरला असता तर मी सांगते, त्याचे पाय धरून त्याला बाहेर ओढलं असतं, सगळ्यांसमोर.

तो उभा राहिला. नाकावर काळं, कपाळावर काळं. "हो," तो म्हणाला. "माझी आई कासारीण आहे. गावोगाव फिरून बांगड्या भरायची. मी त्याच्यावर शिकलो. मी काचेचा व्यापार म्हणतो ना, तो हाच. वडिलांचा नव्हे. हिचा."

सेक्रेटरी काका हळूच म्हणाले, "मग ती तावदानं?" आणि मला इतकं जोरात हसू फुटलं की पाठोपाठ म्हावरेवाली हसली, वहिनी हसल्या, नवराही हसला. वहिनी म्हणाल्या, "अहो आजी, मग माझ्या डोहाळजेवणाला का नाही सांगितलंत? त्या दुकानातल्या माणसाने नुसता हात दुखवला माझा. आता बारशाच्या आधी तुम्हीच भरायच्या हं."

सासूबाई "जेवन निवलं," म्हणाल्या आणि जिना चढायला लागल्या.

नवऱ्याने उरलेलं काम विलक्षण वेगाने उरकलं. लॉक बसलं, एक्सल बसला, नट आवळला, चाक लागलं. त्याने गाडी काढून इमारतीला दोन फेऱ्या मारल्या, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. कटकट नाही की काही नाही. म्हणजे गाडी रविवारी निघायला अगदी ठणठणीत होती. मी ताट आणि पातेलं उचलून त्याच्यामागून वर गेले.

मोरीत सासूबाई रॉकेलचा बोळा घेऊन उभ्याच होत्या. मुलाचा हात ओढून घेतला आणि एकेक बोट पुसायला लागल्या, नखांच्या कडांपर्यंत. तो लहान मुलासारखा हात पुढे करून उभा. मी दारात. रॉकेलच्या वासाने डोळे चुरचुरत होते, असं समजा.

"आई," तो म्हणाला. "उद्या जाऊ नकोस."

त्यांचा हात थांबला नाही. त्या बोटं पुसतच राहिल्या.

"जाऊच नकोस. इथेच राहा."

"राहा ना आई," मीही म्हटलं. चार महिने न बोललेले शब्द, इतके सोपे होते.

त्यांनी बोळा खाली ठेवला. आधी मुलाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "येकाने गाडी खोलायची, येकीने लॉक लपवायचं," त्या म्हणाल्या. "पन तोंड उघडायचं नाय."

"काय लपवायचं?" नवऱ्याने विचारलं.

"चार म्हयने वाट बघितली मी," सासूबाई म्हणाल्या. "जाते जाते म्हनत व्हते, ते काय जायला व्हय रे?"